शाळेचे स्वयंपाकघर आणि जिना

मुलाला शाळेत घालताना आपण गणवेशाची, वह्या-पुस्तकांची, गुरुजींची चौकशी करतो. स्वयंपाकघर कोठे आहे आणि बाहेर पडायला वाटा किती, हे मात्र कोणी विचारत नाही. ते का विचारावे, हे कुंभकोणमच्या आईबापांना विचारावे.

तामिळनाडूतील तंजावर जिल्ह्याच्या या गावी 16 जुलै 2004 रोजी श्रीकृष्ण शाळेत दुपारचे जेवण शिजत होते. स्वयंपाकघरातली आग छपराला लागली आणि वरच्या वर्गांवर शाकारलेल्या झावळ्यांपर्यंत गेली. माळेगाव कारखान्यावर येणाऱ्या ऊसतोड बांधवांच्या कोप्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना पाचट कसे पेटते हे सांगायला नको. उतरायला अरुंद जिना. 94 लेकरे गेली, बहुतेक प्राथमिकची. एकाच इमारतीत तीन शाळा भरत होत्या!

आम्ही पडलो कारकून. जागेवर न जाता पाहणीचा शेरा कसा पडतो, हे आम्हांस नवे नाही. 2014 साली तंजावरच्या न्यायालयाने संस्थापकास जन्मठेप दिली. शिक्षण खात्यातले काही जण आणि एक इंजिनियरही दोषी ठरले. अपिलात 2017 साली ती जन्मठेपही राहिली नाही. तंजावरला शिक्षा झालेल्यांत स्वयंपाकीणबाईही होती, हे आमच्या मनाला लागून राहिले. छप्पर काही तिने घातले नव्हते.

अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर 13 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क आलाच. घटनेचे कलम 21 व 21-क तेच सांगते. सहा महिन्यांत प्रत्येक शाळेत आग विझवण्याची साधने बसवा, नोकरवर्गाला ती चालवायला शिकवा, पेट घेणाऱ्या वस्तू इमारतीत ठेवू नका, असा हुकूम झाला.

तो हुकूम आपल्या गावच्या शाळेत पोहोचला का? 2009 च्या कायद्याने जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. दुर्बल घटकांच्या पालकांनाही प्रमाणात जागा आहे. आपली माणसे तेथे सहीपुरती बसतात, हे बरे नव्हे. भिंतीवरच्या लाल नळकांड्याच्या चिठ्ठीवर कोणती तारीख आहे ते वाचा. ते चालवता येणारे गुरुजी कोण, ते विचारा. मागच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली कोणाजवळ? आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंना बैठकीला जरूर बोलवा. गॅसची नळी शेवटची कधी बदलली, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.