शंभर ग्रॅम कोळशाचा स्वयंपाक

गेल्या उन्हाळ्यांतील गोष्ट. आमच्या घरीं धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाई चार दिवस आल्या नाहींत. पांचव्या दिवशीं आल्या तेव्हां कळलें कीं, मूल तालुक्यांतील त्यांच्या माहेरची एक शेजारीण सरपणास रानांत गेली ती परतलीच नाहीं, वाघानें नेली. ताडोबाचें नांव ऐकून लांबलांबचे लोक वाघ पाहण्यास चंद्रपुरांत येतात. येथील बाई मात्र तो दिसूं नये म्हणून देवास हात जोडून रानांत शिरते.

‘इन्ध्’ म्हणजे पेटविणें. या एकाच धातूपासून ‘इंधन’ झालें व ‘समिधा’हि झाल्या. समिधा आणणाऱ्या बटूचें कौतुक आमच्या पूर्वजांनीं पुष्कळ केलें. मोळी आणणारीचें कोणी केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. म्हणून ज्या एका गृहस्थांनीं हिच्या मोळीचा हिशेब मांडला, त्यांच्याविषयीं आज दोन शब्द लिहितों.

हे गृहस्थ म्हणजे डॉ. आनंद कर्वे, महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे नातू व इरावतीबाईंचे पुत्र. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. ‘आरती’ या आद्याक्षरी नांवानें ओळखली जाणारी ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था पुण्यास १९९६ सालीं निघाली, ती त्यांच्याच पुढाकारानें. शेतांत जाळून टाकलें जाणारें उसाचें पाचट बंद भांड्यांत जाळून त्याचा कोळसा करावा, खळीसारखें चिकट द्रव्य घालून त्याच्या कांड्या वळाव्या, ही रीति त्यांनीं बसविली. तीबद्दल संस्थेस २००२ सालीं इंग्लंडमधील अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळालें. या कांड्यांसाठीं जें पात्र तयार झालें तेंच ‘सराई’ कुकर.

त्याची रचना पाहून आम्ही थक्क झालों; कारण तींत थक्क होण्यासारखें कांहींच नाहीं! खालीं लहानशी शेगडी, वर पत्र्याचें वेष्टण, त्याच्या आंत झांकणाचा डबा, डब्याच्या तळाशीं थोडें पाणी व वर एकावर एक भात, वरण, भाजी यांचीं भांडीं. बंगालचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालीं काढलेला ‘इकमिक’ कुकर ज्यांच्या आजीच्या घरीं होता, त्यांस हें कुळ ओळखीचें वाटेल. सराईचें वैशिष्ट्य हें कीं, ऊन वायु वेष्टण व डबा यांमधील फटींतून वर चढतात. त्यामुळें डब्याची ऊब बाहेरच्या हवेंत जात नाहीं.

आतां हिशेब पाहूं. पांच माणसांचें अन्न पाण्यासह तीन किलो धरलें, तर तें २५ अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास २२५ किलोकॅलरी उष्णता पुरते. पुढें फक्त तेवढीच ऊब टिकवावयाची. चांगल्या कोळशाच्या १०० ग्रॅमांत सुमारें ७०० किलोकॅलरी असतात. कांड्यांत राख अधिक म्हणून निम्म्या धरल्या तरी काम भागतें. उघड्या चुलींत मात्र बहुतेक उष्णता भिंतींस, हवेस व बाईच्या तोंडास मिळते. घरांतील अशा धुरानें जगांत २०२० सालीं सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आम्ही एक कुकर मागविला. आमच्या कुटुंबानें तो पडवींत लावला, देवपूजा आटोपली, तासाभरानें पाहिलें तों भात-वरण तयार. “हा शिट्ट्या मारून बोलावीत नाहीं, हें बरें,” एवढें प्रशस्तिपत्र त्यास मिळालें. दोषहि त्यांनींच काढला: यावर भाकरी होत नाहीं. दुसरा दोष आम्ही सांगतों: कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो, म्हणून शेगडी बंद खोलींत कदापि पेटवूं नये.

बाईंस तो दाखविला, तेव्हां त्या म्हणाल्या, “लाकडं त फुकट भेटते जी, गुरुजी, कोयसा मात्र इकत घ्या लागते.” शेजारणीस जाऊन महिनाहि लोटला नव्हता, आणि लाकूड फुकटच होतें! आम्हांस उत्तर सुचेना. २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गॅस पुष्कळ घरीं आला. पण सिलिंडर संपला कीं पुन्हां चूल, हें याच ‘फुकट’पणामुळें. कर्व्यांच्या हिशेबांत ही एक रक्कम मांडावयाची राहिली आहे, आणि ती मांडणें एकट्या शास्त्रज्ञाचें काम नव्हे.

तरी मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंतचा हा पट्टा धानाचा. येथें दोन्ही वेळां भात. भाकरीचा दोष येथें फारसा आड येऊं नये, असें वाटून आम्ही तो कुकर कांड्यांसह बाईंच्या हवालीं केला. महिन्यानें विचारलें, तर म्हणाल्या कीं दोन दिवसांची मोळी आतां चार दिवस जाते. म्हणजे रानांत जाण्याच्या खेपा निम्म्या झाल्या.

कुकर त्यांनीं परत केलेला नाहीं; आम्हींहि मागितला नाहीं. कांड्या संपत आल्या आहेत, त्या पुण्याहून पुन्हां मागवावयाच्या आहेत. त्या आमच्याच जिल्ह्यांत, बायकांच्या बचत गटांकडून मिळूं लागल्या, तर हा खटाटोप वांचेल. वाचकांपैकीं कोणी तो उद्योग मनावर घेईल काय?