चाकांवरचा संसार

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत एकच विषय निघतो, यंदा कुठं? पूर्वी याचं उत्तर ठरलेलं असे. माहेरी नाहीतर सासरच्या गावी, आणि तेही एस.टी.नं किंवा रेल्वेनं. आता पुष्कळ घरांत छोटी का होईना, पण स्वतःची गाडी असते. मग घरातले पुरुष म्हणतात, "आपली गाडी आहे, आठ दिवस मनाला येईल तसं फिरू." मुलं टाळ्या पिटतात. आणि घरची बाई मनातल्या मनात डब्यांची यादी करायला लागते!

खरं ना, मैत्रिणींनो? म्हणून या वेळी लिहायचं आहे ते सगळ्या घरानं मिळून गाडीनं केलेल्या लांबच्या प्रवासाबद्दल. कुठं जावं, काय बघावं हे सांगणारी पुस्तकं खूप आहेत. त्या आठ दिवसांत घरच्या बाईला विसावा कसा मिळावा, हे मात्र त्यांत शोधून सापडत नाही.

अशा प्रवासाची खरी सवय आहे ती ऑस्ट्रेलियातल्या लोकांना. तिथं मोटारीच्या मागे चाकांचं घरच जोडतात. त्याला कॅराव्हॅन म्हणतात. आत बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, छोटा फ्रीज, सगळं असतं. असं घर घेऊन आईबाप मुलाबाळांसह कित्येक आठवडे, कधी कधी महिनेसुद्धा, देशाच्या ओसाड भागातून फिरतात. उत्तरेच्या डार्विनपासून दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापर्यंतचा रस्ता अडीच हजार किलोमीटरांहून लांब आहे. नलारबोरच्या वाटेवर तर १४६ किलोमीटरांचा एक पट्टा असा आहे की त्यात एकही वळण नाही! तिथं दोन नियम सगळे पाळतात. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत सुटायचं नाही, तिच्याजवळच थांबायचं. आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, कारण संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात.

आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या आता भाड्यानंही मिळतात. कल्पना छानच आहे, पण जाहिरातीतली ती चिमुकली शेगडी पाहिली की माझ्या मनात येतं, स्वयंपाकघरच बरोबर नेलं तर सुट्टी कुणाची?

साध्या गाडीतसुद्धा हा प्रश्न सुटत नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही माहीमहून निघून कोकणच्या किनाऱ्यानं वेंगुर्ल्यापर्यंत गेलो. आम्ही दोघं, सासूबाई, सहावीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. हमरस्त्यानं गेलं तर वेंगुर्लं पाचशे किलोमीटरांच्या थोडं पुढे आहे. किनाऱ्याच्या रस्त्यानं आम्ही पाच दिवस ठरवले होते, लागले सात. कारण पुढे सांगते.

या रस्त्याची तऱ्हा आधी समजून घ्यायला हवी. सह्याद्रीतून निघणाऱ्या कोकणातल्या नद्या आखूड, पण समुद्राला मिळताना त्यांची रुंद खाडी होते. रस्ता खाडीपर्यंत येतो आणि थांबतो. पलीकडे जायला फेरीबोट, तीही अशी की माणसांबरोबर गाड्याही तिच्यावर चढतात. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड, अशा चार बोटींतून आमची गाडी गेली. दाभोळची फेरी २००३ साली सुरू झाली. ती नसेल तर गुहागरला जायला चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. या खाड्यांवर मोठे पूल बांधायचं कामही हाती घेतलेलं आहे. पण तोवर बोटीच्या वेळा आधी फोनवर विचारून घ्याव्यात, विशेषतः शेवटच्या बोटीची. सुट्टीत रांग लागते. नकाशावर पन्नास किलोमीटर दिसले तरी अडीच तास धरून चालावं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनला पोचलो आणि रात्री सासूबाईंना थंडी वाजून ताप भरला. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि विचारलं, "आजी, दोन दिवसांत पाणी किती प्यालात?"

सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "घोट घोट. वाटेत बाईमाणसानं जायचं कुठं हो?"

त्या गोळ्यांनी दोन दिवसांत बऱ्या झाल्या, आमचा मुक्काम तेवढा वाढला. पण डॉक्टर म्हणाले की सुट्टीच्या दिवसांत अशा बायका त्यांच्याकडे नेहमी येतात. आपल्यापैकी किती जणी प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी तोडतात, आठवून पाहा! पाणी कमी प्यायलं आणि लघवी तासन्‌तास दाबून ठेवली की मूत्राशयात जंतू वाढतात. बायकांची मूत्रनलिका आखूड असल्यामुळे त्यांना हा त्रास लवकर होतो, आणि तो वर मूत्रपिंडापर्यंत गेला तर थंडी-ताप येतो. मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर फारच जपायला हवं. जळजळीबरोबर ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

यावर आम्ही तिथून पुढे एकच नियम केला. दर दोन तासांनी गाडी थांबणार, कुणी मागो वा न मागो. हे महत्त्वाचं आहे. थांबायचं ठरलेलंच असलं की सासूला सुनेपुढे, सुनेला सासऱ्यांपुढे "जरा थांबवा" म्हणायचा संकोच उरत नाही. गाडी चालवणाऱ्यालाही तेवढीच विश्रांती मिळते. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी मोफत असायलाच हवं असा नियम आहे, पेट्रोल घेतलंच पाहिजे असं नाही. दाराला कुलूप असेल तर किल्ली मागावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. किनाऱ्याच्या रस्त्याला पंप मात्र दूर दूर आहेत. तेव्हा टाकी निम्मी झाली की भरून घ्यावी आणि तेवढ्यात सगळ्यांनी जाऊन यावं. एका पिशवीत मग, साबणाची वडी, जुनी वर्तमानपत्रं आणि आडोशाला एक जुनी साडी ठेवावी. पिशवी पायाशी हवी, सामानाच्या तळाशी नव्हे.

खाण्याचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे, घरचा डबा पहिल्या दिवसापुरताच. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, लसणीची सुकी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याचे लाडू पुरे. ओलं खोबरं घातलेलं काही नको, बटाट्याची भाजी केली तर ती दुपारच्या आत संपवावी. पुढच्या दिवसांसाठी चिवडा, मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि केळी. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना उपाशी ठेवू नये आणि तळलेलंही देऊ नये. कोरडी पोळी किंवा बिस्किटं द्यावी, आलेपाक चघळायला द्यावा, पुढे रस्त्याकडे बघायला सांगावं. हातातला मोबाइल काढून घ्यावा, खाली बघितलं की जास्त मळमळतं. उलट्या-जुलाब झालेच तर जलसंजीवनीची पाकिटं जवळ असू द्या. ती नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावं.

मुक्कामाला आम्ही घरगुती राहण्याच्या जागा घेतल्या. तिथं जेवण सांगायचं असतं ते सकाळीच, माणसं किती, वेळ कोणती, मासे खाणारे किती. रात्री नऊला अचानक जाऊन "ताई, पाच पानं वाढा" म्हणू नये. आपल्याला आयतं ताट मिळतं तेव्हा आत दुसरी एखादी बाई चुलीशी उभी असते. तिला वेळेवर सांगावं आणि पैशांत घासाघीस करू नये.

आता कामाची वाटणी. ही निघायच्या आधी घरी बसून, कागदावर करायची. गाडीत बसल्यावर कुणी ऐकत नाही! आमच्याकडे असं ठरलं. सामान लावणं-काढणं आणि रोजचे कपडे धुवून दोरीवर टाकणं ह्यांच्याकडे. पाण्याच्या बाटल्या भरणं मुलीकडे. चपला-बूट मोजणं आणि कचऱ्याची पिशवी मुलाकडे. पैशांचा बटवा आणि हिशोबाची वही सासूबाईंकडे. औषधं आणि दिवसाचा मार्ग माझ्याकडे. पहिले दोन दिवस "आई, माझा टॉवेल कुठाय?" चालूच होतं. मी म्हणायची, "यादी बघ." तिसऱ्या दिवसापासून प्रश्न थांबले. सासूबाईंनी हिशोब असा चोख ठेवला की शेवटच्या बोटीचं तिकीटसुद्धा वहीत होतं. आजारपणानं त्या खचल्या होत्या. बटवा हातात आल्यावर पुन्हा ताठ बसल्या, हेही सांगायला हवं.

आणखी एक वाटणी गाडीच्या चाकाची. मी गाडी शिकले त्याला दोनच वर्षं झाली. गुहागरच्या पुढे रस्ता मोकळा होता तेव्हा हे म्हणाले, "घे, आता तू." ज्या मैत्रिणींना परवाना असून धीर होत नाही, त्यांना दोन गोष्टी सांगते. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास बाईनं केला आहे! १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही दोन मुलांना घेऊन नवऱ्यानं बनवलेल्या मोटारीनं मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली. शंभर किलोमीटरांवरची वाट. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली, आणि वाटेतल्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. दुसरी गोष्ट तर माहीमचीच. १८४५ साली खुला झालेला माहीमचा कॉजवे अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या दीड लाखावर रुपयांतून झाला, आणि वाटसरूंकडून टोल घ्यायचा नाही ही त्यांची अट होती. लेडी जमशेटजी रस्ता तो त्यांच्याच नावाचा. तेव्हा रस्ता आपला नाही असं कुणी समजू नये.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र भीड नको. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, तसा कायदाच आहे. अंधार पडायच्या आत मुक्काम. पावसाळ्यात तर रात्रीचा प्रवास नकोच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसह नदीत गेल्या, हे आपण विसरलेलो नाही. घाटात मोबाइल लागत नाही, म्हणून महत्त्वाचे फोन कागदावर लिहून ठेवावेत. संकटात ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. थोडे रोख पैसेही जवळ असावेत.

मुलांचा अभ्यास बुडतो म्हणून काळजी करू नका. ऑस्ट्रेलियात दूर रानात राहणाऱ्या मुलांसाठी १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्जहून रेडिओवर शाळा सुरू झाली. आपल्याला तर आठच दिवसांचा प्रश्न. आमच्या मुलीला भूगोलातल्या नद्या कधी पाठ होत नसत. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन. प्रत्येक ओलांडताना तिनं वहीत नाव लिहिलं, बोट की पूल ते लिहिलं. आता ती झोपेतसुद्धा सांगेल. मुलांना रोज पाच ओळी लिहायला सांगाव्यात, शुद्धलेखनाच्या चुका मात्र सुट्टीत काढू नयेत. मीही हात आवरला!

वेंगुर्ल्याला शेवटच्या संध्याकाळी हे दोरीवर कपडे वाळत घालत होते, मुलं वाळूत होती, आणि मी व सासूबाई चहा घेत नुसत्या बसलो होतो. सासूबाई म्हणाल्या, "लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, प्रवासात अशी बसले नव्हते कधी."

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा निघताना डब्यांच्या यादीआधी कामांची यादी करा. घरातल्या प्रत्येकाला ती वाचून दाखवा आणि पाण्याची बाटली स्वतःच्या हाताशी ठेवा. पुढच्या खेपेला प्रवासाहून आल्यावरच्या कपड्यांच्या ढिगाऱ्याबद्दल आणि वाळूनं भरलेल्या चादरींबद्दल लिहीन. तोवर सुखरूप जाऊन या.