झाडूऐवजीं कुदळ

संगीत 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत झाला. तें नाट्यगृह आज कोठें आहे? हा प्रश्न आम्ही उगाच करीत नाहीं. १९६८ सालीं उघडलेलें बालगंधर्व रंगमंदिर पाडून तेथें नवें संकुल उभारण्याचा विचार महापालिकेनें २०१८ सालीं पुढें आणला. वास्तु जुनी झाली म्हणे! पण पन्नास वर्षांत जी जीर्ण होते, तिचा दोष दगडविटांचा कीं निगेचा? झाडू नीट न चालविणाऱ्याच्या हातीं कुदळ द्यावी, असें आमच्यानें म्हणवत नाहीं. शिवाय बांधकाम चालेल तोंवर हौशी मंडळ्यांनीं प्रयोग करावे कोठें? आणि पुढें तेथलें भाडें त्यांस झेपेल, हें लिहून कोण देतो? आधीं दुरुस्तीचा खर्च पुणेकरांपुढें मांडा. पाडण्याची गोष्ट मग.