हप्त्याची गाडी की रोखीची सायकल?

भूमसारख्या तालुक्याच्या गावात कापडाचा व्यापारी मीटरमागे दोन रुपयांसाठी गिऱ्हाईकाशी अर्धा तास घासाघीस करतो. पण घर ते दुकान या फेरीवर महिन्याला किती जातात, हे त्याच्या खातेवहीत कुठेच सापडत नाही. पेट्रोलचे पैसे खिशातून जातात आणि खिशातून गेलेला पैसा आपण खर्चात धरत नाही. दुकानावरचा नोकर, शिलाईकाम करणारा कारागीर, बेकरीवाला, मणियार यांचीही हीच गत आहे.

आपण साधा हिशेब मांडू. घर दुकानापासून दोन किलोमीटरवर आहे. दुपारी जेवायला घरी, म्हणजे चार फेऱ्यांचे आठ किलोमीटर झाले. गाडी दारात उभी असली की बँकेत, उधारीच्या वसुलीला आणि संध्याकाळी उगीच स्टँडपर्यंत चक्कर होतेच. तेव्हा दिवसाचे पंधरा किलोमीटर धरा. महिन्याचे सव्वीस दिवस, लिटरला पंचेचाळीसचे अ‍ॅव्हरेज आणि पेट्रोल 105 रुपये धरले तर नऊशे रुपये नुसते तेलाचे होतात. ऑईल, टायर, सर्व्हिसिंग, विमा यांचे वर्षाला चार-साडेचार हजार वेगळे. म्हणजे वर्षाकाठी पंधरा हजार झाले. दहा-बारा हजार पगाराच्या माणसाचा वर्षातला सव्वा महिना असा फक्त जाण्या-येण्यात जातो. सायकलला ट्यूब, टायर, ब्रेकचे रबर आणि चेनचे तेल धरून वर्षाला हजार-दीड हजार पुरतात. दोन किलोमीटरला दहा मिनिटे लागतात, गाडीवर पाच. वाचलेल्या पाच मिनिटांत आपण काय कमावतो, ते ज्याचे त्याने पाहावे.

हा झाला तेलाचा हिशेब. खरा घाव हप्त्याचा आहे. ऐंशी हजारांचे कर्ज दरसाल पंधरा टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता पावणेतीन हजारांच्या वर बसतो आणि फेडताना जवळजवळ एक लाख जातात. वीस हजार निव्वळ व्याज! तेवढ्यात सहा-सात हजारांच्या तीन साध्या सायकली रोखीने येतात. व्याज घेणे-देणे हराम आहे हे आपल्या घरातल्या पोरालाही पाठ असते. पण शोरूमच्या टेबलावर कागद पुढे आला की आपण त्याला ‘फायनान्स’ म्हणतो आणि सही करून मोकळे होतो. दुकानाची उलाढाल वाढवण्यासाठी कर्ज काढतानाही जो माणूस चार वेळा विचार करतो, तोच दिवसातले तेवीस तास उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी ते बिनदिक्कत काढतो.

सरकारने 22 सप्टेंबर 2025 पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींचा जीएसटी 28 वरून 18 टक्के केला, तेव्हा मोटारसायकली स्वस्त झाल्याचा मोठा गाजावाजा झाला. त्याच दिवशी सायकलीवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याची मात्र कुणी चर्चा केली नाही. आणि पेट्रोल तर जीएसटीच्या बाहेरच आहे. 2010 च्या जूनमध्ये पेट्रोलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण उठले आणि 2021 मध्ये आपल्या मराठवाड्यात दराने शंभरी गाठली. गाडी एकदा स्वस्तात मिळेल, पण तेल रोज घ्यावे लागते.

व्यापाराच्या नजरेने आणखी एक गोष्ट आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. पंपावर टाकलेले शंभर रुपये गावात फार थोडे उरतात. सायकलच्या दुरुस्तीचे तीस रुपये मात्र कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या गल्ल्यात पडतात आणि संध्याकाळपर्यंत किराण्यात, भाजीत, कधी कापडाच्या दुकानात फिरून येतात. हे मिस्त्री बहुतेक आपल्याच बिरादरीचे आहेत. त्यांना ‘पंक्चरवाला’ म्हणून हिणवणारे पुष्कळ भेटतात. पण चाकाची आऱ्यागणिक ओढ काढून ते सरळ करणे हा हुन्नर आहे, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून तो आपल्या डोळ्यांदेखत संपत चालला आहे.

अडचणी नाहीत असे मी म्हणणार नाही. भूम बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले, रस्त्याला चढ-उतार आहेत. मे महिन्यात दुपारी दोनला सायकल मारा असे कुणालाही सांगता येणार नाही. रोज्यात तर नाहीच. बार्शी-सोलापूरहून माल आणायचा तर वाहन लागणारच. खेड्यापाड्यांत फेरी करणाऱ्याला पूर्वीसारखे कॅरिअरवर गठ्ठा बांधून पंधरा-वीस किलोमीटर जा म्हणणे हाही जुलूम होईल. ज्याची गाडी धंद्याला लागते, त्याने ती जरूर ठेवावी. प्रश्न गावातल्या गावात फिरणाऱ्यांचा आहे आणि संख्येने तेच जास्त आहेत.

त्यांना अडवते ती लाज. सायकलवर दुकानात येणाऱ्या मालकाची पत घसरली अशी कुजबूज बाजारात होते. लग्नाच्या बोलणीत मुलाकडची मंडळी तोंडाने ‘आम्हाला काही नको’ म्हणतात आणि जहेजमध्ये गाडीची अपेक्षा धरतात. मुलीचा बाप, बहुधा एखादा कारागीर, ती हप्त्यावर घेऊन देतो. गाडी जावयाच्या दारात उभी राहते आणि व्याज सासऱ्याच्या घरातून जाते. फिजूलखर्चीवर जुम्याच्या बयानात आपण माना डोलावतो, ते याला लागू नाही काय?

दुकानदार बांधवांना करता येण्यासारखी एक गोष्ट सुचवतो. आपल्या नोकराला सायकलीसाठी सात हजार रुपये कर्जे हसना म्हणून द्यावेत आणि महिना सातशे प्रमाणे पगारातून वळते करून घ्यावेत. दहा महिन्यांत रक्कम फिटते. त्याचे पेट्रोलचे नऊशे त्याच महिन्यापासून वाचतात, म्हणजे कर्ज फेडतानाही त्याच्या हातात दोनशे रुपये जास्तच राहतात.