नोकरी सोडायची, पण कुणाच्या भरवशावर?

गेल्या रमजानची गोष्ट. इफ्तार झाला, मगरीबची नमाज झाली आणि चहा घेता घेता यांनी विषय काढला. "वीस वर्षं होत आली. घसा बसतोय, गुडघे बोलतायत. आता बस कर. स्वेच्छानिवृत्ती घे, घरी राहा." सासूबाईंनी मान डोलावली. मुलगा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "हो ना अम्मी, किती दिवस करणार?" बोलण्यात माया होती, ते मी नाकारत नाही. खोटं कशाला सांगू, मलाही मोह झाला. जुलैच्या पावसात भिजत शाळा गाठणं, साठ पोरांच्या वर्गात मराठीचं व्याकरण, मग उर्दूचा तास, मग कुठल्या ना कुठल्या ऑनलाइन माहितीचे तक्ते. कोयनानगरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय, त्यांना जास्त सांगायला नको.

पण त्या रात्री मी वही काढली. जे आकडे मांडले, ते आज इथे लिहितेय, कारण माझ्यासारख्या कित्येक शिक्षिकांच्या घरी हाच विषय याच मायेने निघतो. आणि वही मात्र कुणी काढत नाही.

आपल्याकडे सगळं एका तारखेवर येऊन थांबतं : 1 नोव्हेंबर 2005. त्याआधी सरकारी किंवा अनुदानित नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन, त्यानंतर लागलेल्यांना अंशदायी योजना, जी पुढे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये गेली. माझे एक ज्येष्ठ सहकारी 1999 मध्ये लागले आणि 2022 मध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं. पुढच्याच महिन्यापासून त्यांचा पेन्शनवरचा हक्क सुरू झाला. महागाई भत्ता वाढला की तीही वाढते. ते आता शेतात रमलेत, आणि लोक मला म्हणतात, "सरांनी घेतली, मग तुम्हाला काय झालं?"

मला हे झालं, की मी 2006 मध्ये लागले. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढली. कपात सुरू झाली ती त्यानंतर. आमची खोली एक, फळा एक, हजेरीपुस्तक एक. म्हातारपण मात्र दोन जातींचं. मार्च 2023 च्या संपात "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत आम्ही सात दिवस बसलो, ते याचसाठी. पुढे केंद्राची युनिफाइड पेन्शन आली, 1 एप्रिल 2025 पासून लागू झाली. राज्यानेही 2024 मध्ये ती स्वीकारायचं ठरवलं. पण केंद्राच्या त्या योजनेतही पूर्ण लाभाला पंचवीस वर्षांची सेवा लागते. आणि पंचवीस वर्षं भरून स्वेच्छेने बाहेर पडलात, तरी पैसे सुरू होतात ते तुमचं निवृत्तीचं नेहमीचं वय येईल तेव्हा. म्हणजे आधी सोडणाऱ्याला मधली वर्षं स्वतःच काढायची.

आता एनपीएसचं सांगते. वयाप्रमाणे निवृत्त झालं, तर जमा रकमेतले साठ टक्के हातात घेता येतात आणि किमान चाळीस टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहाची रक्कम, विकत घ्यावी लागते. मुदतीआधी बाहेर पडलं, तर हेच उलटं होतं : फक्त वीस टक्के हातात, ऐंशी टक्के वार्षिकीत. रक्कम अगदीच लहान असेल तरच सगळी मिळते.

समजा माझ्यासारखीच्या खात्यात 30 लाख आहेत. आज सोडलं तर हातात 6 लाख. उरलेल्या 24 लाखांवर वार्षिकीचा दर 6 टक्के धरला, तर वर्षाला 1 लाख 44 हजार, महिन्याला 12 हजार. ही रक्कम साधारणपणे आयुष्यभर तेवढीच राहते, महागाईबरोबर वाढत नाही. आणि घराचा खर्च? आम्ही काही थाटाने राहत नाही. किराणा, गॅस, वीज, सासूबाईंची औषधं, धाकटीचं कराडचं कॉलेज आणि खोलीभाडं, लग्नकार्यातले आहेर, सगळं मिळून 30 हजार. महागाई 6 टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. मी 59 ची होईन तेव्हा 60 हजार, 71 ची होईन तेव्हा 1 लाख 20 हजार. हातात मात्र तेच 12 हजार.

इंटरनेटवर लवकर निवृत्तीचे सल्ले देणारी मंडळी एक सूत्र सांगतात : वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट जमवा आणि सुटा. हे सूत्र विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागाराने 1994 मध्ये केलेल्या अभ्यासातून आलंय, आणि ते तिथल्या बाजाराच्या इतिहासावर, तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी बेतलेलं आहे. 3 लाख 60 हजारांच्या पंचवीस पट म्हणजे 90 लाख. आणि मला तीस नाही, अल्लाहने आयुष्य दिलं तर चाळीस वर्षं काढायची आहेत.

थांबले तर काय होतं, तेही मांडलं. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 70 हजार धरा. माझे दहा टक्के आणि सरकारचे चौदा टक्के मिळून महिन्याला 16 हजार 800. पगार एक रुपयाही वाढला नाही असं धरलं, तरी अकरा वर्षांत नुसती भर 22 लाखांवर जाते. त्यावर आणि आधीच्या 30 लाखांवर आठ टक्के वाढ मिळाली, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी सुमारे एक कोटी होतात. कोटी ऐकून हुरळू नका. महागाई वजा केली तर आजच्या पैशात ते 54 लाखांच्या आसपास. त्यातले साठ टक्के, म्हणजे आजचे 32 लाख, हातात येतील. आज सोडलं तर सहा. बाजार घसरला तर आकडे खाली येतील, हेही खरं. पण फरक कुठल्या बाजूला आहे, ते दिसतंच.

आपल्या घरांत या हिशेबात आणखी दोन ओळी लिहाव्या लागतात, त्या बाहेरच्या सल्लागाराच्या कागदावर नसतात. पहिली जकात. हातात आलेले सहा लाख चांद्र वर्षभर टिकले, तर अडीच टक्क्यांनी 15 हजार जकात निघते. ती ओझं नाही, फर्ज आहे. पण वहीत लिहायला हवी. दुसरी व्याजाची. पोस्टाची मासिक योजना, मुदत ठेव, ज्येष्ठ नागरिकांची योजना हे सगळे मार्ग व्याजाचे. सक्तीने कापल्या जाणाऱ्या फंडाबाबत अनेक आलिम सवलत सांगतात, पण आपण होऊन व्याजात पैसे ठेवणं वेगळं मानतात. मी मुफ्ती नाही, प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारावं. पण जो व्याज टाळतो, त्याला खोलीचं भाडं, धंद्यातली भागी, शरियाच्या निकषांवर चालणारे म्युच्युअल फंड असेच रस्ते उरतात. त्यात चढउतार असतात, म्हणून त्याला शिल्लक जास्त लागते. हे आधी समजून घ्यावं, मग राजीनामा लिहावा.

दवाखान्याचं काय? महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं 5 लाखांचं संरक्षण आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, ही मोठी सोय आहे. पण ती ठरावीक उपचारांना आणि ठरावीक रुग्णालयांतच चालते. रोजची रक्तदाबाची गोळी, तपासण्या, इथून कराडला जायची गाडी, हे आपल्याच खिशातून.

आकडे इतकेच. आता जे खरं बोलायचंय ते.

कोयनानगरात वाढलेल्या माणसाला एकरकमी पैशाची भीती वाटते. धरण झालं, शिवसागर भरला, तेव्हा ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या हातात मोबदला आला. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण तीही एक प्रकारची मुदतपूर्व निवृत्तीच होती. शेतकरी असलेला माणूस एका कागदाने शेतकरी राहिला नाही. त्या मोबदल्याचं काय झालं, हे आमच्या भागातली म्हातारी माणसं सांगायची : लग्नं झाली, कर्जं फिटली, कुणी भावाला दिले, कुणाचे वाटेत संपले. जमीन दर हंगामाला पिकायची. पैसा एकदाच पिकला. डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्त इतक्या वर्षांनंतरही रस्त्यावर बसले, ते काय मागत होते? जमीन मागत होते, म्हणजे पुन्हा पुन्हा देणारं काहीतरी.

माझे अब्बा याच प्रकल्पावर कामगार होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली, वस्त्याच्या वस्त्या कोसळल्या. अब्बा सांगायचे, "घर गेलं, भांडी गेली, कोंबड्या गेल्या. पगार राहिला, म्हणून आम्ही राहिलो." ते पुढे वयानुसार निवृत्त झाले, आणि ते गेल्यावर अम्मीला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. रक्कम मोठी नाही. पण माझी अम्मी, जिला सहीपेक्षा जास्त लिहिता येत नाही, ती दर महिन्याला बँकेत जाते, पैसे काढते आणि येताना नातवंडांना खाऊ आणते. ती कुठल्याही मुलाकडे हात पसरत नाही. माझ्या भावांच्या घरी तिचा शब्द अजून चालतो. त्यात मुलांच्या संस्कारांचा वाटा किती आणि त्या पासबुकाचा किती, हे मी कधी वेगळं करून पाहिलं नाही. पाहायची इच्छाही नाही.

म्हणून त्या रात्री मी यांना विचारलं, "मी घरी बसले, तर ते सहा लाख कुठे जातील?" ते क्षणभर गप्प झाले, मग प्रामाणिकपणे म्हणाले, "मुलाच्या दुकानाला डिपॉझिट द्यायचंच आहे." बघा. माझी निवृत्ती माझ्या गुडघ्यांसाठी होती, पण पैसे आधीच दुकानात जाऊन बसले होते. यात यांचं वाईट मन नाही. आपल्याकडे बाईचा पगार घराचा असतो आणि बाईची थकवण तिची एकटीची असते.

वास्तविक आपल्या शरियतमध्ये उलटं सांगितलंय. बायकोचा नफका नवऱ्यावर आहे. तिची कमाई, तिचा मेहर, तिचा वारसा तिचा. ती घराला देते तो तिचा एहसान, तिच्यावर फर्ज नाही. वाझमध्ये हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, की इस्लामने स्त्रीला चौदाशे वर्षांपूर्वी मालमत्तेचा हक्क दिला. मग तो हक्क पासबुकात का दिसू नये? निवृत्तीचा निर्णय घेताना घराचा एक हिशेब आणि बाईच्या नावाचा दुसरा हिशेब, असे दोन कागद का असू नयेत?

माझं मत म्हणून सांगते. मध्यम कमाईच्या माणसाने लवकर निवृत्त होऊच नये, असं मी म्हणत नाही. ज्यांची जुनी पेन्शन आहे, कर्ज नाही, मुलं मार्गी लागली आहेत, त्यांनी खुशाल सुटावं. तब्येत खरंच साथ देत नसेल, तर आकडे बाजूला ठेवून सुटावं. जान है तो जहान है. पण ज्यांचं म्हातारपण एकरकमी पैशावर उभं राहणार आहे, त्यांनी "किती मिळतील?" एवढंच न विचारता "दरमहा किती, कुणाच्या नावावर, आणि मी नसले किंवा ते नसले तर कुणाला?" हे विचारावं. उत्तर कागदावर येत नाही तोपर्यंत अर्ज लिहू नये.

मी काय केलं? सोडली नाही. धाकटीची पदवी होईपर्यंत तरी नाही, मग पुन्हा वही काढीन. यांच्याशी भांडण झालं नाही, आकडे पाहून ते स्वतःच म्हणाले, "मग सकाळचा चहा आणि डबा मी बघतो." दोन महिने झाले, डबा मिळतोय. भाजीत मीठ जास्त असतं, पण शाळेत जाताना गुडघे कमी दुखतात, हे खरं.

मुलाला डिपॉझिट मी दिलं नाही. उसने दिले, आणि कागदावर लिहून घेतले. आपल्या दीनमध्ये कर्ज लिहून ठेवायलाच सांगितलंय. तो थोडा रुसलाय. रुसू दे. दुकान चाललं की फेडील, इन्शाअल्लाह.