खोटा नवशिका, खरा मनस्ताप

रात्री मोबाईलवरच्या खेळात हरलेला मुलगा सकाळी चिडचिड करत उठतो. दोष दरवेळी त्याचाच नसतो. ऑनलाइन स्पर्धेत काही मुरलेले खेळाडू दुसरे खाते उघडून नवशिक्यांत शिरतात. तालमीतल्या गड्याने चौथीतल्या पोराशी कुस्ती धरावी तसे! याला ‘स्मर्फिंग’ म्हणतात. ‘डोटा २’ हा खेळ चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये अशी ९० हजार खाती कायमची बंद केली, मूळ खात्यांवरही कारवाईचा इशारा दिला. म्हणजे तक्रार रास्तच आहे. पालकहो, ‘खेळच तर आहे’ म्हणून मुलाला झिडकारू नका. खेळातच तक्रारीची सोय असेल तर ती वापरायला शिकवा. मात्र हरल्याच्या रागात पहाटेपर्यंत खेळणे हा उपाय नव्हे. त्यात झोप जाते, राग तसाच राहतो. तक्रार नोंदवावी, मोबाईल दूर ठेवावा आणि झोपावे.