परवडेल का?

गेल्या वर्षी कार्यानुभवाच्या तासाला नववीतल्या एका मुलाने लाकडाची छोटी नाव करून आणली. बाकीच्या मुलांनी पुठ्ठ्याची घरे आणि कागदाची फुले आणली होती. या मुलाची नाव हातभर लांब होती. तिला खाली कणा होता, आत फासळ्या होत्या आणि वर डोलकाठीही होती. आम्ही ती पाण्याच्या बादलीत सोडली. बोटाने कलंडवली, की ती पुन्हा सरळ उभी राही. मुले टाळ्या वाजवू लागली. मी विचारले, "हे कसं केलंस?" तो म्हणाला, "सर, जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी तळाला बसवली आहे."

आठ दिवसांनी पालकसभा होती. त्याचे वडील म्हणाले, "सर, तुम्हीच समजवा याला. घरी आला की पटाशी घेऊन बसतो. असल्या कामात आता काय उरलंय? परवडणार आहे का?" मी मान डोलावली आणि मुलाला म्हणालो, "आधी अभ्यास कर. हे छंद नंतर." तो काहीच बोलला नाही.

घरी परतताना मला अब्बांची आठवण झाली. अब्बा खाडीकाठचे सुतार होते. आमच्या अंगणात ते होड्या बांधत. लांब फळी लावायची असली, की मला हाक मारत, "बेटा, जरा टोक धर." मी उत्तर देई, "अब्बा, उद्या पेपर आहे." मग ते फळीचे दुसरे टोक दगडावर टेकवून एकटेच काम करीत. मी बी.ए. झालो, बी.एड. झालो. त्यांना आनंदच झाला. पण सरळ फळीला नावेचा बाक कसा देतात, हे मला आजही येत नाही. अब्बा आता नाहीत. त्यांची तासणी घरात आहे, पण ती कशी धरावी हे मला विचारू नका.

म्हणून "परवडेल का?" या प्रश्नाविषयी मला चार शब्द सांगायचे आहेत. त्यासाठी आधी एका माणसाची हकीकत ऐका.

जोशुआ स्लोकम हा १८४४ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे जन्मला. वयाच्या दहाव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि वडिलांच्या बूट तयार करण्याच्या कामात त्याला हातभार लावावा लागला. पुढे तो समुद्रावर गेला आणि मोठ्या शिडाच्या जहाजांचा कप्तान झाला. १८८७ साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचे जहाज फुटले. बायको आणि दोन मुले बरोबर होती. त्याने किनाऱ्यावरच, मोजक्या हत्यारांनी, ३५ फूट लांबीची नाव बांधली. ती पाण्यात उतरली तो दिवस होता १३ मे १८८८. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला. म्हणून त्याने नावेला पोर्तुगीज भाषेतले 'लिबरदादे', म्हणजे 'स्वातंत्र्य', हे नाव दिले. त्या नावेतून हे कुटुंब अमेरिकेला सुखरूप पोहोचले.

पण तोपर्यंत वाफेच्या बोटींचे युग आले होते. शिडाची उंच जहाजे मोडून त्यांचे कोळसा वाहणारे पडाव होत होते. स्लोकमसारख्या कप्तानाला काम उरले नव्हते. १८९२ च्या हिवाळ्यात एका वृद्ध मित्राने त्याला एक नाव देऊ केली; थोडी डागडुजी हवी, एवढेच सांगितले. स्लोकम मॅसॅच्युसेट्स राज्यातील फेअरहेवन गावी गेला. पाहतो तर काय, समुद्रापासून दूर, एका शेतात टेकू लावून उभी केलेली एक जुनाट नाव! तिचे नाव होते 'स्प्रे'. गावकऱ्यांना वाटले, हा तिची लाकडे तोडून न्यायला आला आहे. पण तो म्हणाला, "मी ती पुन्हा बांधणार."

आता नाव कशी बांधतात ते थोडे समजून घेऊ. घराला जसा पाया, तसा नावेला कणा. आपल्या कोकणातले सुतार त्याला 'पठाण' म्हणतात. (हसू नका, हा शब्द खरा आहे!) तळाला लांब कणा असला, की वारा बाजूने आला तरी नाव आडवी सरकत नाही, पुढेच जाते. तळाशी भार असला, की कललेली नाव पुन्हा सरळ होते. आमच्या विद्यार्थ्याच्या शिशाच्या गोळीने हेच काम केले होते.

स्लोकमने जवळचेच एक ओकचे झाड तोडून कणा केला. एका शेतकऱ्याने थोड्या पैशांत लाकडे ओढून आणून दिली. फासळ्यांसाठी स्लोकमने सरळ, कोवळी झाडे घेतली. ती तासून वाफेच्या पेटीत ठेवली. लाकूड वाफेने मऊ झाले, की ओंडक्यावरून वाकवायचे आणि आकार पक्का होईपर्यंत बांधून ठेवायचे. कण्यावर पुढची नाळ उभी केली, फासळ्या बसवल्या आणि त्यांवर दीड इंच जाडीच्या पाइनच्या फळ्या जोडल्या. फळ्यांच्या सांध्यांत आधी कापसाची दोरी ठोकून बसवली, तिच्यावर डांबरी धागा भरला. काही जाणकारांनी इशारा दिला, की कापूस बाहेर येईल. तो आला नाही. जुन्या नावेचा एकेक भाग काढून तेथे नवा बसवत तो पुढे गेला. तयार झालेली नाव ३६ फूट ९ इंच लांब आणि १४ फूट २ इंच रुंद होती.

हे काम चालू असताना लोक येत, पाहत आणि विचारत, "अहो, हे परवडेल का?" मित्रांनो, पाहा, तोच प्रश्न! वर्षभर स्लोकम हा प्रश्न ऐकत राहिला. तो लोकांवर चिडला नाही, की त्याने हातातले काम टाकले नाही. मात्र त्याने हिशेब ठेवला. सामानाला ५५३ डॉलर ६२ सेंट लागले आणि स्वतःच्या मेहनतीचे १३ महिने गेले. मधूनमधून तो बंदरातल्या दुसऱ्या जहाजांवर मजुरीला जाई आणि पुन्हा आपल्या नावेकडे परत येई. म्हणजे पोटापाण्याचे भान त्याने सोडले नव्हते.

येथे माझे पहिले मत सांगतो. "परवडेल का?" हा प्रश्न वाईट नाही. ज्याला तो विचारावासाच वाटत नाही, त्याची नाव बहुधा अंगणातच कुजते. घरी नाव बांधणारे पुष्कळ जण फळ्या बसल्या, की काम संपले असे समजतात. खरे तर तेथे निम्मेच काम झालेले असते. डोलकाठी, शिडे, दोर, सुकाणू, नांगर, तळाचा भार, पाणी उपसायची सोय, झोपायची आणि स्वयंपाकाची जागा, हे सगळे अजून बाकी असते. पैसाही येथेच जास्त जातो. म्हणून आधी हिशेब मांडावा आणि मगच लाकडाला करवत लावावी.

पण कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाही, हेही कळले पाहिजे. कण्याच्या आणि नाळेच्या लाकडात स्लोकमने काटकसर केली नाही. पुढे हिंदी महासागरातील कीलिंग बेटांपाशी तीच नाळ प्रवाळाच्या खडकावर आदळली. खडक दुभंगला, नाळेला मात्र काही झाले नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. उलट, किनाऱ्यावर जाण्यासाठी छोटी होडी हवी होती, तेव्हा त्याने नवी घेतली नाही. एक टाकून दिलेली होडी आडवी कापली, उघड्या बाजूला फळ्या ठोकल्या आणि अर्धी होडी वापरली. कपडे धुवायलाही तिचाच उपयोग केला. जहाजावर वेळ पाहायला किमती घड्याळ लागते. त्याचे घड्याळ बराच काळ वापरात नव्हते आणि ते साफ करून घ्यायला फार पैसे पडत होते. त्याने वाटेत एक डॉलरला पत्र्याचे घड्याळ घेतले. त्याचा दर्शनी भाग फुटलेला होता, म्हणून ते स्वस्तात मिळाले! आपण बहुधा याच्या उलट वागतो. जे लोकांना दिसते त्यावर खर्च करतो आणि जे पाण्याखाली असते तेथे पैसे वाचवतो.

आता कोणी विचारील, "मग त्याला परवडले का?" खरे ते सांगितले पाहिजे. नाव पाण्यात उतरल्यावर एक हंगाम त्याने मासेमारी केली. त्यात त्याला यश आले नाही. तेव्हाच कोणी हिशेब केला असता, तर म्हटले असते, "बघा, बुडाले पैसे!" नंतर २४ एप्रिल १८९५ रोजी तो बोस्टनहून एकटाच निघाला. ४६,००० मैलांहून अधिक प्रवास करून, पृथ्वीला वळसा घालून, २७ जून १८९८ रोजी तो अमेरिकेतील न्यूपोर्ट बंदरात परतला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो जगातला पहिला माणूस ठरला. त्याचे 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड' हे पुस्तक १९०० साली निघाले. दहाव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाचे ते पुस्तक आजही वाचले जाते.

याचा अर्थ असा नव्हे, की नाव बांधणारा प्रत्येक जण नावाजला जातो. समुद्र कोणाचा नातेवाईक नाही. १९०९ साली स्लोकम त्याच नावेतून पुन्हा निघाला आणि परत आला नाही. हेही मी मुलांपासून लपवत नाही.

तरीही माझे दुसरे मत असे, की हिशेबात आपण एक रकाना विसरतो. हाताने काम करताना माणूस जे शिकतो, त्याचा तो रकाना आहे. नाव बांधणाऱ्याला भूमिती लागते, कारण दोन्ही बाजूंचा बाक सारखा यावा लागतो. त्याला विज्ञान लागते, कारण भार किती आणि कुठे ठेवायचा हे ठरवावे लागते. लाकडाची जात, त्याचा ओलावा, त्याची रेषा ओळखावी लागते. आपली चूक मान्य करण्याचा गुणही लागतो, कारण पाणी चुकीला माफ करीत नाही. कागदावर खोडून लिहिता येते. तिरपी बसलेली फळी काढूनच पुन्हा बसवावी लागते. अशा माणसाला आपण अडाणी म्हणतो आणि स्वतःला सुशिक्षित म्हणवतो, हे कितपत बरोबर आहे?

आपल्या देशातलेही उदाहरण आहे. 'म्हादेई' ही शिडाची नौका गोव्यात बांधली गेली. तिचा गाभा लाकडाचा आणि त्यावर फायबरचे थर. आपल्या नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे या नौकेतून २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. नौका तयार होत असताना ते स्वतः तेथे राहून कामावर लक्ष ठेवत होते. भर समुद्रात काही मोडले, तर कारागिराला बोलावता येत नाही. ज्याने नाव घडताना पाहिली, त्यालाच ती दुरुस्त करता येते.

आज आपल्या बंदरांत फायबरच्या होड्या सर्वत्र दिसतात. त्या हलक्या असतात आणि त्यांची निगाही कमी लागते. कोळी बांधवांनी त्या घेतल्या यात काही चूक नाही. जुने ते सगळे जपा, असा माझा हट्ट नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की "याला अभ्यास जमत नाही, म्हणून हा हातकाम करतो" असे कोणत्याही मुलाविषयी म्हणू नये. मी स्वतः शिक्षक असून तसेच बोललो, याची मला लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलाला नाव पुन्हा आणायला सांगितली. गणिताच्या तासाला आम्ही तिची लांबी-रुंदी मोजली आणि प्रमाण काढले. शिशाची गोळी काढून पाहिली, तेव्हा नाव आडवी पडली. ती तशी का पडली, हे त्याने फळ्यावर आकृती काढून सांगितले. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. मग मी त्याला खर्चाचा तक्ता लिहायला लावला. लाकूड फुकट, खिळे १५ रुपये, रंग ४० रुपये. शेवटचा रकाना मात्र कोराच होता.

मी विचारले, "तास किती लागले?"

तो म्हणाला, "मोजले नाहीत, सर."

मी त्याच्या वडिलांना भेटलो. म्हणालो, "भाई, परवडेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण त्याचा अभ्यास आणि त्याचे हात, दोन्ही चालू राहू द्या. मी गणिताकडे बघतो." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दहावी होईपर्यंत बघू या."

मित्रांनो, तुम्हीही काही करायला घ्याल, तेव्हा "परवडेल का?" असे लोक विचारतील. त्यांचे ऐका, हिशेब मांडा, लागलेले तासही लिहून ठेवा. पण तुमच्या घरात कोणी हाताने काम करीत असेल आणि "जरा टोक धर" म्हणून हाक मारील, तर परीक्षेचे निमित्त सांगू नका. दहा मिनिटे फळी धरल्याने कोणी नापास होत नाही.